१६ जीबी स्वॅप दिली, तर लॅपटॉप आणखीच गोठला!

छापखाना_चालू | शनिवार, रात्री ११:१४

मंडळी नमस्कार,

तासगावजवळच्या एका गावात माझं डीटीपीचं आणि लग्नपत्रिकांचं छोटं दुकान आहे. आजोबांनी खिळे जुळवून ट्रेडलवर छापलेल्या जत्रेच्या स्मरणिका वाचनालयात वाळवीच्या तोंडी चालल्या होत्या, त्या सगळ्या स्कॅन करून घेतल्या. एकूण ३१२ पानं. आता टेसरॅक्ट या ओसीआर प्रोग्रॅमने (चित्रातली अक्षरं ओळखतो तो) त्यातला मजकूर काढायचाय, म्हणजे निदान नावं तरी शोधता येतील.

लॅपटॉप म्हातारा आहे. ४ जीबी रॅम, ५०० जीबीची फिरती हार्ड डिस्क (५४०० आरपीएम), वर लिनक्स मिंट. इन्स्टॉल करताना २ जीबीची स्वॅप फाइल (रॅम कमी पडली की डिस्कवरची जी जागा मेमरीसारखी वापरली जाते ती) आपोआप झाली होती. ओसीआर लावलं की मशीन अडखळायचं. तालुक्याच्या गावी दुरुस्तीवाल्याला विचारलं तर म्हणाला, "रॅम कमी आहे. स्वॅप १६ जीबी करा, विषय संपला." केली. आता माउस हलवला की दहा सेकंदांनी बाण हलतो, डिस्कचा दिवा लागलेला तो विझतच नाही. काल रात्री एक तास वाट बघून शेवटी बटण दाबून बंद केला.

१६ कमी पडतात का? ३२ करू का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.


नानबा | शनिवार, रात्री ११:३१

आमच्या हिने माळा मोठा करून घेतला तेव्हा मलाही वाटलं होतं की आता घर मोकळं होईल. घरात सामान वाढलं फक्त.

(प्रतिसाद तांत्रिक नाही हे माहीत आहे. जाणकार येईपर्यंत धागा वर ठेवतोय.)


कर्नल_काकू | शनिवार, रात्री ११:५२

नानबा, तुम्ही गमतीत बोललात, पण बोललात बरोबर.

छापखाना, आकडा वाढवण्याआधी आजार बघू. (मोबाइलवरून लिहितेय. कमांडा कानाला ऐकू येतात तशा लिहिते, टाइप करताना रोमनमध्ये करा.) ओसीआर लावायच्या आधी दुसरं टर्मिनल उघडा आणि त्यात 'व्हीएमस्टॅट १' चालू करून ठेवा. दर सेकंदाला एक ओळ पडेल. तिच्यात 'एसआय' आणि 'एसओ' असे दोन रकाने असतात. एसआय म्हणजे स्वॅपमधून रॅममध्ये परत किती आलं, एसओ म्हणजे रॅममधून स्वॅपमध्ये किती गेलं. उजवीकडे 'डब्ल्यूए' आहे, म्हणजे प्रोसेसर हातावर हात ठेवून डिस्कची वाट बघत किती टक्के वेळ बसलाय ते. हे तीन आकडे द्या.

स्वॅप किती भरली ते मला नको. भरलेली स्वॅप हा आजार नाही.

आणि ती १६ जीबीची फाइल नेमकी कशी केलीत, तेही लिहा.


छापखाना_चालू | रविवार, सकाळी ७:२०

काकू, (काकूच ना? नावावरून लष्करातल्या वाटता!)

आधी 'स्वॅपऑफ'ने जुनी बंद केली आणि खोडली. मग 'फॅलोकेट'ने १६ जीबीची फाइल केली, 'मेकस्वॅप'ने ती स्वॅपसाठी तयार केली, 'स्वॅपऑन'ने चालू केली. परवानग्या ०६४४ आहेत, ०६०० असाव्यात असं काहीतरी स्वॅपऑन कुरकुरलं, पण चालू झाली म्हणून सोडून दिलं. एफएसटॅबमधली (मशीन सुरू होताना काय काय जोडायचं ती यादी) ओळ जुनीच आहे, नाव तेच ठेवलं होतं.

आकडे: एसआय ३०० ते ९०० च्या मध्ये नाचतोय. एसओ कधी शून्य, कधी चार हजार. डब्ल्यूए ९६, ९७, ९५. त्यानंतर ओळी पडायच्याच थांबल्या.


कर्नल_काकू | रविवार, सकाळी ८:०५

लष्करातली नाही हो, लिनक्सच्या कर्नलवरून (सगळ्या प्रोग्रॅमना मेमरी वाटून देणारा त्याचा गाभा) घेतलंय. २६ वर्षं सर्व्हर सांभाळले, आता नातवंडं सांभाळते. दोन्हीकडे काम एकच, कोण कुणाची जागा बळकावतंय ते बघायचं.

आधी ती कुरकुर. ती सोडून द्यायची नसते. तुमच्या ब्राउझरमधला पासवर्ड, उघडलेलं बँकेचं पान, गिऱ्हाइकाचं आधार कार्ड, जे जे रॅममध्ये आहे त्यातलं काहीही स्वॅपमध्ये जाऊन बसू शकतं, आणि मशीन बंद केलं तरी डिस्कवर तिथेच राहतं. ०६४४ म्हणजे मशीनवरच्या कुठल्याही युजरला ती फाइल वाचायची मुभा. 'सीएचमॉड ६००' (म्हणजे मुभा फक्त मालकाला) आत्ताच्या आत्ता. हे 'मेकस्वॅप'च्या आधी करायचं असतं, पण उशिरा का होईना करा.

आता आकडे. तुमचा एसआय सेकंदाला ३०० ते ९०० केबी आहे. रॅम ४ केबीच्या पानांत (तुमच्या स्मरणिकेची नव्हेत, मेमरीच्या तुकड्यांना पान म्हणतात) वाटलेली असते आणि स्वॅपमध्ये ये-जा होते ती या पानांची. तुमची डिस्क मिनिटाला ५४०० फेरे मारते, म्हणजे एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद. हवं ते पान डोक्याखाली यायला सरासरी अर्धा फेरा, साडेपाच मिलिसेकंद. त्याआधी डोकं योग्य पट्ट्यावर सरकायला आणखी दहा-बारा. म्हणजे एका पानाला साधारण १६-१७ मिलिसेकंद, सेकंदाला ६० पानं. ६० गुणिले ४ केबी, २४० केबी. १ जीबीत २,६२,१४४ पानं असतात. सुटी सुटी आणायची तर ७३ मिनिटं लागतील. कर्नल शहाणा आहे, एक मागितलं तर शेजारची मिळून ८ पानं एकदम उचलतो, म्हणून नशीब बरं असेल तेव्हा तुमचा आकडा ९०० पर्यंत चढतो. पण तरी बघा, काल रात्री तासभर थांबलात ते फुकट नव्हतं. मशीन मेलं नव्हतं, पानं वाहत होतं.

नानबांचा माळा पुढे नेते. रॅम म्हणजे ओटा, स्वॅप म्हणजे माळा. सोऱ्या, पुरणयंत्र, दिवाळीचा आकाशकंदील माळ्यावर गेले तर ओटा मोकळा होतो आणि कुणाचं काही अडत नाही. माळा काठोकाठ भरलेला असला तरी चालतो. पण तवा, पोळपाट आणि लाटणं माळ्यावर ठेवलं, तर प्रत्येक पोळीला शिडी लावावी लागते. तुमच्याकडे सध्या शिडीवरच स्वयंपाक चाललाय. माळा ३२ केला तर काय होईल ते तुम्हीच सांगा.


सर्व्हर_सखाराम | रविवार, सकाळी ९:४०

उदाहरण पटलं, पण यावरून कुणी स्वॅप बंदच करून टाकायला नको, म्हणून लिहितोय.

मी पूर्वी सगळीकडे स्वॅप बंद ठेवायचो. वाटायचं, माळाच नको, शिडीच नको. झालं उलटंच. रॅममध्ये दोन जातीची पानं असतात. एक, जी कुठल्यातरी फाइलची नक्कल असतात (प्रोग्रॅमचा स्वतःचा कोडसुद्धा यात आला). दुसरी, जी प्रोग्रॅमने चालता चालता तयार केलेली, ज्यांना डिस्कवर मूळ प्रत नाही. पहिली म्हणजे वाचनालयातून आणलेलं पुस्तक. परत करा, लागलं की पुन्हा आणा. दुसरी म्हणजे तुमची हस्तलिखित वही. तिला ठेवायला माळा नसेल, तर ओटा मोकळा करायला कर्नल फक्त पुस्तकंच हाकलू शकतो, आणि त्यात चालू प्रोग्रॅमचा कोडही जातो. मग तोच पुन्हा पुन्हा डिस्कवरून वाचत बसतो. एसआय, एसओ शून्य, स्वॅप नाहीच, आणि तरीही मशीन गोठलेलं. 'फ्री' या कमांडचा (मोकळी मेमरी दाखवते ती) रिपोर्ट बघून माणूस चक्रावतो.

माझ्या भाड्याच्या १ जीबीवाल्या सर्व्हरवर डेटाबेस दर दोन-तीन रात्रींनी मरायचा. लॉगमध्ये 'आउट ऑफ मेमरी, किल्ड प्रोसेस'. २ जीबी स्वॅप फाइल दिली, तेव्हापासून धडधाकट आहे. पहाटे बॅकअपच्या वेळी दहा मिनिटं दोनेकशे एमबी बाहेर जातं, तेवढाच तो खेळ.

अवांतर: काही स्वस्त होस्टिंगवर स्वॅपऑन दिलं की 'ऑपरेशन नॉट परमिटेड' येतं. तिथे तुम्हाला मिळालेलं मशीन आख्खं नसतं, नुसता कंटेनर असतो आणि कर्नल सगळ्या भाडेकरूंत एकच. डोकं आपटत बसू नका.


विंडोजवाला_बापू | रविवार, सकाळी १०:१५

तुम्हा लिनक्सवाल्यांचं सगळं हाताने. आमच्याकडे पेजफाइल (तुमची स्वॅप तीच) आपोआप लहानमोठी होते, आम्ही तिकडे बघतही नाही.

अर्थात एके काळी बघावं लागायचं. विंडोज ३.१ च्या कंट्रोल पॅनेलमध्ये '३८६ एनहान्स्ड' नावाचा आयकॉन होता. त्यात टेम्पररी की पर्मनंट स्वॅप फाइल ते निवडायचं. पर्मनंट जलद, पण तिला डिस्कवर सलग जागा लागायची. म्हणून आधी डीफ्रॅग, आणि तोवर बाहेर चहा. ४ एमबी रॅमवर अख्खी दिवाळी अंकाची पानं लावलीत आम्ही! एमबी म्हणतोय, जीबी नाही.

ज्यांना अजून हौस आहे त्यांना एकच सांगणं, पेजफाइल शून्य करू नका. विंडोज कुठल्याही प्रोग्रॅमला मेमरी कबूल करतं ती रॅम अधिक पेजफाइल या बेरजेच्या आत. बेरीज संपली की टास्क मॅनेजरमध्ये रॅम मोकळी दिसत असूनही 'आउट ऑफ मेमरी' येतं. भाच्याने गेमसाठी शून्य केली होती आणि दोन आठवडे ग्राफिक्स कार्डाला शिव्या देत होता.


मँचेस्टरकर | रविवार, दुपारी ३:०२ (इथे सकाळच आहे)

बापूंनी जुनं काढलंच आहे, तर आणखी जुनं काढतो. मी राहतो त्या गावचीच गोष्ट आहे.

इथल्या विद्यापीठात ७ डिसेंबर १९६२ ला ॲटलस नावाच्या संगणकाचं उद्घाटन झालं. टॉम किलबर्न यांच्या चमूने फेरांटी कंपनीबरोबर केलेला. त्याची मुख्य मेमरी १६ हजार शब्दांची (एक शब्द ४८ बिटांचा) आणि मागे फिरत्या ड्रमवर ९६ हजार. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला मात्र दोन्ही मिळून एकच सलग मेमरी आहे असं भासायचं. ५१२ शब्दांची पानं आपोआप वरखाली जायची. त्याला ते 'वन-लेव्हल स्टोअर' म्हणत. कोणतं पान सगळ्यांत उशिरा लागेल याचा अंदाज बांधणारा एक शिकाऊ प्रोग्रॅमही त्यात होता. म्हणजे काकूंचा माळा साठीच्या पुढचा आहे.

आणि 'शिडीवरचा स्वयंपाक' याला शास्त्रात नाव आहे, थ्रॅशिंग. पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्ये त्यावर लिहिलं. मशीनमध्ये एकाच वेळी किती प्रोग्रॅम घुसवलेत त्यावर सगळं अवलंबून असतं. प्रत्येकाला ठरावीक काळात लागणाऱ्या पानांचा एक संच असतो. सगळ्यांचे संच मिळून रॅममध्ये मावले तर गाडी पळते, एक जरी जास्त घुसला तरी वेग एकदम कोसळतो. हळूहळू कमी नाही होत, कोसळतो.

छापखान्यांना एकच प्रश्न. एकाच वेळी किती ओसीआर चालवताय?


छापखाना_चालू | रविवार, दुपारी ४:२६

एकच. म्हणजे पुतण्याने एक स्क्रिप्ट लिहून दिलीय, ती एकदा चालवतो. तो पुण्याला इंजिनिअरिंगला आहे.

मोजून तीन ओळी आहेत. फोल्डरमधल्या प्रत्येक टिफ फाइलसाठी टेसरॅक्ट लाव, भाषा एमएआर, आणि त्या ओळीच्या शेवटी एक अँपरसँड. तो म्हणाला त्याने काम लवकर होतं.


नानबा | रविवार, दुपारी ४:३१

मला लिनक्समधलं काही कळत नाही, पण काकू आता काय लिहिणार ते वाचायला मी शेंगदाणे घेऊन बसलोय.


कर्नल_काकू | रविवार, संध्याकाळी ५:१०

पुतण्याला आशीर्वाद सांगा.

तो अँपरसँड शेलला सांगतो, "हे मागे चालू दे, मी पुढच्याकडे वळतो." शेल पहिलं पान संपायची वाट बघत नाही. ३१२ पानं, ३१२ टेसरॅक्ट, सगळे दोन-चार सेकंदांत उभे. एका पंगतीला ३१२ पानं मांडलीत आणि वाढपी एक.

स्कॅन किती डीपीआयचे? रंगीत ६०० असतील, तर ए-फोरचं एक पान उघडल्यावर ४९६० गुणिले ७०१६ ठिपके, प्रत्येकी ३ बाइट, म्हणजे १०४ एमबी. टिफ फाइल डिस्कवर लहान दिसली तरी रॅममध्ये पूर्ण उलगडते. वर टेसरॅक्टचं स्वतःचं सामान. प्रत्येकी २०० एमबी धरले, आणि हे मी कमीच धरतेय, तरी ६२ जीबी होतात. तुमच्या ४ अधिक १६ मध्ये.

आता एक आठवून सांगा. २ जीबी स्वॅप होती तेव्हा काही पानं निघत होती का? आणि मध्ये मध्ये 'किल्ड' असं काही दिसायचं का?


छापखाना_चालू | रविवार, संध्याकाळी ५:४८

अरे बापरे. हो! ६०० डीपीआय रंगीतच आहेत, पुढेमागे पुन्हा छापायचं मनात होतं म्हणून.

आणि हो, तेव्हा चाळीसेक पानांचा मजकूर निघायचा, बाकीच्यांसमोर 'किल्ड'. पाच-दहा मिनिटं अडखळून मशीन पुन्हा नीट व्हायचं. मला वाटलं स्कॅन खराब असतील.


कर्नल_काकू | रविवार, संध्याकाळी ६:३०

मग झालं निदान.

रॅम आणि स्वॅप दोन्ही संपली की कर्नल एक जल्लाद पाठवतो, ओओएम किलर. तो मुख्यतः सर्वांत जास्त मेमरी खाणारा बघून उडवतो. क्रूर वाटतं, पण त्यानेच तुमचं मशीन वाचायचं. २ जीबी स्वॅप पाच मिनिटांत भरायची, जल्लाद यायचा, गर्दी पातळ व्हायची, उरलेल्यांना जागा मिळायची. तुम्ही १६ दिली, त्यामुळे जल्लादाची यायची वेळच लांबली. १६ जीबी भरेपर्यंत तो येणार नाही, आणि डिस्कच्या या रखडत्या गतीने ती कधी भरणार? दुरुस्तीवाल्याने औषधाची मात्रा वाढवली आणि आजार लांबवला.

त्यामुळे 'अर्लीओओएम' बसवा म्हणून कुणी सांगायच्या आत सांगते. चांगला आहे, जल्लादाला लवकर बोलावतो. पण तो मोकळी रॅम आणि मोकळी स्वॅप दोन्ही १० टक्क्यांच्या खाली जायची वाट बघतो. १६ जीबी स्वॅपवर तोही ताटकळतच बसेल.

करायचं काय:

स्कॅनच्या मूळ फाइलींना हात लावायचा नाही. वेगळ्या फोल्डरमध्ये प्रती काढा आणि त्या 'मोग्रिफाय'ने ३०० डीपीआय, करड्या रंगाच्या करा. (मोग्रिफाय त्याच फाइलवर लिहितो, म्हणून आधी प्रती.) एक पान १०४ एमबीवरून ८.७ वर येईल. ओसीआरला ३०० पुरतात.

अँपरसँड काढा. फाइलींची यादी 'एक्सआर्ग्ज'ला (यादीतली नावं कमांडला पुरवणारा) द्या, त्याला कॅपिटल पी २ आणि स्मॉल एन १ सांगा. एका वेळी दोनच चालतील, एक संपलं की पुढचं. टेसरॅक्ट स्वतःही एका पानासाठी चार धागे (थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणारी कामं) काढतो, म्हणून आधी 'ओएमपी थ्रेड लिमिट' हे व्हेरिएबल १ करून एक्सपोर्ट करा. मधल्या जागी अंडरस्कोर, सगळी अक्षरं कॅपिटल.

स्वॅप पुन्हा २ किंवा ४ जीबी करा. स्वॅपऑफ, खोडा, नवी फाइल, सीएचमॉड ६००, मेकस्वॅप, स्वॅपऑन, याच क्रमाने. स्वॅपऑफ मशीन रिकामं असताना द्या. बाहेर गेलेलं सगळं त्याला आधी रॅममध्ये परत आणावं लागतं.


बीटीआरएफएस_भोगलेला | रविवार, रात्री ८:१२

फॅलोकेट ईएक्सटी-४ वर (मिंटची नेहमीची फाइलसिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडायची पद्धत) बिनधास्त चालतो, पण वाचून कुणीतरी दुसरीकडे करेल म्हणून सांगतो. स्वॅपऑन करताना कर्नल फाइलचे डिस्कवरचे पत्ते लिहून घेतो आणि नंतर फाइलसिस्टिमला न विचारता थेट तिथे लिहितो. म्हणून फाइलला भोकं नकोत (जागा कागदोपत्री आहे, प्रत्यक्षात दिलेली नाही, असं), आणि तिची जागाही बदलायला नको. बीटीआरएफएस ही दुसरी फाइलसिस्टिम तर प्रत्येक लिखाण नव्या जागी करते, त्यामुळे कर्नल ५.० च्या आधी त्यावर स्वॅप फाइल चालायचीच नाही. आता चालते, पण कॉपी-ऑन-राइट (हेच नव्या जागी लिहिणं) बंद असलेली, कॉम्प्रेशन नसलेली. ती ज्या सबव्हॉल्यूममध्ये (डिस्कच्या कप्प्यात) आहे त्याचा स्नॅपशॉटही घेता येत नाही. 'बीटीआरएफएस फाइलसिस्टिम मेकस्वॅपफाइल' ही कमांड आता हे सगळं एकत्र करते. ती येण्याआधी मी दोन रविवार घालवले होते 'इनव्हॅलिड आर्ग्युमेंट' बघत.

शंका असेल तिथे 'डीडी'ने शून्यं भरून फाइल करावी, भोकांचा प्रश्नच नाही. मात्र 'ओएफ'च्या पुढे (कुठे लिहायचं ते) काय लिहिलंय ते तीनदा वाचा. मी एकदा फाइलच्या नावाऐवजी पेनड्राइव्हचं लिहिलं. म्हणजे मला वाटलं पेनड्राइव्हचं. साखरपुड्याचे फोटो होते.


नानबा | रविवार, रात्री ८:२०

लग्न झालं का पुढे?


बीटीआरएफएस_भोगलेला | रविवार, रात्री ८:२४

झालं. तिच्या मावशीकडे प्रती होत्या.


गोंधळी_७७ | रविवार, रात्री ९:०५

मध्येच विचारतो. स्वॅपीनेस १० ठेवा असं सगळीकडे वाचतो. म्हणजे रॅम १० टक्के उरली की स्वॅप सुरू, असंच ना? आणि एसएसडीवर स्वॅप ठेवली तर ती झिजते म्हणतात. रॅमच्या दुप्पट स्वॅप हा नियम अजून आहे का?


कर्नल_काकू | रविवार, रात्री ९:५०

टक्के नाहीत. सखारामांच्या भाषेत सांगते. ओटा मोकळा करायचाच झाला तर आधी पुस्तकं परत करायची की वह्या माळ्यावर टाकायच्या, यातला कल म्हणजे स्वॅपीनेस. मूळ ६० असतो. ५.८ कर्नलपासून तो २०० पर्यंत नेता येतो, कारण स्वॅप आता काही ठिकाणी डिस्कपेक्षा जलद असते (ते झेडरॅमचं पुढे कुणीतरी लिहीलच). छापखान्यांच्या फिरत्या डिस्कवर ३०-४० करून बघायला हरकत नाही. पण ३१२ टेसरॅक्टसमोर तो १० ठेवा नाहीतर १००, फरक शून्य.

झीज: २५० जीबीच्या चांगल्या एसएसडीला १५० टीबी लिखाणाची हमी असते. रोज २० जीबी स्वॅपमध्ये लिहिलंत तर ७५०० दिवस, वीस वर्षं. तोवर लॅपटॉपचं बिजागर तुटेल. रोज २० जीबी स्वॅप होत असेल तर प्रश्न एसएसडीचा नाहीच, रॅम घ्या. मेमरी कार्डावर चालणाऱ्या रास्पबेरी पायची गोष्ट वेगळी. तिथे कार्ड खरंच मरतात, म्हणून त्यावर वर्षानुवर्षं मूळ स्वॅप फक्त १०० एमबी असायची.

दुप्पटचा नियम: ६४ एमबी रॅमच्या काळचा. २.४ कर्नलच्या सुरुवातीला त्याला खरं कारणही होतं. रॅममध्ये परत आणलेल्या पानाची स्वॅपमधली जागा तो सोडायचा नाही, म्हणून रॅमएवढी स्वॅप म्हणजे जवळपास नसल्यातच जमा. ते कर्नल गेले, नियम राहिला. आजीने मांजर टोपलीखाली झाकलं तसं. हायबरनेट (रॅममधलं सगळं डिस्कवर ठेवून मशीन बंद) करणार असाल तर रॅमएवढी किंवा थोडी जास्त. नाहीतर २ ते ४ जीबी पुष्कळ.


झेडरॅम_प्रेमी | रविवार, रात्री १०:१८

हाक ऐकली. झेडरॅम म्हणजे माळा घरातच, व्हॅक्यूमच्या पिशव्यांत. रॅमचाच एक भाग घेऊन त्यात पानं दाबून ठेवायची. साधारण दोनाची एक होतात, कधी तिनाची एक. फेडोरा या दुसऱ्या लिनक्सने ३३ व्या आवृत्तीपासून (२०२०) हेच मूळ म्हणून दिलंय, डिस्कवर स्वॅप नाहीच.

मिंटवर 'झेडरॅम-टूल्स' बसवा. इटीसीमधल्या डिफॉल्ट फोल्डरमध्ये 'झेडरॅमस्वॅप' नावाची फाइल आहे, त्यात पर्सेंट ५०. बस. फिरत्या डिस्कवाल्या ४ जीबीच्या लॅपटॉपला याहून स्वस्त औषध नाही. मग स्वॅपीनेस १०० च्या वर न्या.


सर्व्हर_सखाराम | रविवार, रात्री १०:४०

+१, एक खोच सोडून. झेडरॅम आणि डिस्कवरची स्वॅप दोन्ही ठेवली तर प्राधान्य झेडरॅमला जातं. आधी बाहेर पडणारी पानं सगळ्यांत झोपाळू असतात, ती जाऊन ती जलद जागा अडवतात. नंतरची ताजी पानं नाइलाजाने संथ डिस्कवर. उलटी वरात. दोन्ही हवंच असेल तर 'झेडस्वॅप' बघा (झेडरॅम नव्हे, नावं ठेवणाऱ्याचा सत्कार करायला हवा). तो थंड पानं मागे डिस्कवर ढकलतो.

आणि जुनं स्वॅप पार्टिशन उडवून फाइलवर येणाऱ्यांनो, एफएसटॅबमधली जुनी यूयूआयडीची (पार्टिशनच्या ओळखक्रमांकाची) ओळ काढा. मी काढली नव्हती. दर वेळी मशीन सुरू होताना दीड मिनिट त्या मेलेल्या पार्टिशनची वाट बघायचं. आठ महिने मी समजत होतो की डिस्क जुनी झालीय. चहा ठेवायची सवय लागली तेवढी.


छापखाना_चालू | मंगळवार, रात्री ९:३३

मंडळी, झालं!

काकूंच्या क्रमाने सगळं केलं. स्वॅप ४ जीबी, परवानगी ०६००, झेडरॅम अजून नाही (एका वेळी एकच बदल, हे छपाईत शिकलोय). प्रती ३०० डीपीआय करड्या. एक्सआर्ग्ज, दोन-दोन. काल रात्री साडेनऊला लावलं आणि शेजारी व्हीएमस्टॅट. एसआय शून्य, एसओ शून्य, मध्येच एकदा १२. डब्ल्यूए ३-४. त्याच वेळी मी एका मुंजीची पत्रिका लावत बसलो होतो, माउस अडकला नाही. अकराच्या आत ३१२ च्या ३१२ पानं. लॅपटॉप तोच, रॅम तीच. ३२ जीबीची चौकशी करून आलो होतो, १२ जीबी परत करून चाललोय.

पुतण्याला फोन केला. म्हणाला, "काका, कॉलेजच्या मशीनवर चालतं." त्यांच्या मशीनला ६४ जीबी रॅम आहे म्हणे.

एक शंका. काम संपून दिवस झाला तरी फ्री दिलं की स्वॅपमध्ये ३१० एमबी दिसतात. रिकामी करू का?


कर्नल_काकू | मंगळवार, रात्री १०:०१

कशाला? सोऱ्या आहे तो. लागला की खाली येईल.

मजकूर कसा निघालाय ते सांगा की.


छापखाना_चालू | मंगळवार, रात्री १०:२७

बराचसा चांगला. पण जुन्या खिळ्यांत 'ऱ्य' किंवा 'ऱ्ह' जिथे जिथे आहे तिथे ती आडवी चंद्रकोर गायब होते. 'दुसऱ्या'चं 'दुसया', 'कुऱ्हाडे' आडनावाचं 'कुहाडे'. आणि वर्गणीदारांच्या यादीत निम्मे कुऱ्हाडेच आहेत. त्याचा वेगळा धागा काढतो.


नानबा | मंगळवार, रात्री १०:२९

शेंगदाणे आणतो.